गडावरील शुचिता : दोन तांब्यांचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व भाग पावसासाठी आकाशाकडे डोळे लावून बसतो, तर पश्चिम टोकाचा अकोले तालुका आषाढ-श्रावणात ढगांत बुडालेला असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), कोकणकड्यासाठी प्रसिद्ध असलेला हरिश्चंद्रगड, प्रवरेच्या उगमाजवळचा रतनगड आणि साम्रदची सांधण दरी ही सारी याच तालुक्याच्या सह्याद्रीत आहेत. पूर्वी नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील व्यापारी कुटुंबांची सुट्टी म्हणजे तीर्थयात्रा किंवा मामाचे गाव. आज त्याच कुटुंबांतील मुले-मुली पाठीवर पिशवी बांधून गडावर मुक्कामाला जातात, आणि अनेकदा आईवडीलही त्यांच्याबरोबर निघतात.

ही चांगली गोष्ट आहे. दिवसभर गादीवर बसणाऱ्या शरीराला चढ-उताराची गरज असते आणि पडद्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांना क्षितिजाची. मात्र ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरले जात नाही, सूर्यास्तानंतर जेवण होत नाही आणि उष्टे पडू दिले जात नाही, त्या घरातील माणूस जेथे नळ, मोरी किंवा शौचालय नाही अशा ठिकाणी दोन दिवस राहतो, तेव्हा त्याच्यासमोर खरा प्रश्न उभा राहतो. अंग, हात, कपडे आणि भांडी स्वच्छ कशी ठेवायची? आणि ती स्वच्छ करताना पाण्यातील, मातीतील जीवांचा विचार कसा करायचा? आरोग्य आणि अहिंसा या दोन्हींची परीक्षा येथे एकाच वेळी होते.

पाणी कोठे जाते?

हरिश्चंद्रगडावर दगडात कोरलेली टाकी आहेत. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ सप्ततीर्थ पुष्करणी आहे आणि जवळच केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात भव्य शिवलिंग आहे. चालून घामाघूम झालेल्या माणसाला हे पाणी दिसले की उतरून डुंबावेसे वाटते. साबणाची वडी काढावी, शर्ट धुऊन घ्यावा, असेही वाटते. एवढ्याशा फेसाने काय बिघडते, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

पण टाक्यातील पाणी वाहते नसते. पावसाळ्यात साठलेले पाणी पुढील कित्येक महिने पुरवायचे असते आणि गडावर येणारे तेच पितात. त्यात पडलेला साबण तेथेच राहतो. ओढ्याच्या पाण्याची कथा वेगळी असली तरी शेवट तोच आहे. गडावरून पाचनईच्या बाजूस उतरणारे पाणी मुळा नदीच्या खोऱ्यात जाते. ही मुळा पुढे राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे २६ टी.एम.सी. क्षमतेच्या धरणात अडवलेली आहे आणि त्याच धरणातून नगर शहराला पिण्याचे पाणी मिळते. रतनगडाच्या परिसरातून निघणारी प्रवरा १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात येते. तिच्या कालव्यांवर संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील ऊस उभा राहिला आणि त्या उसाच्या आधाराने या गावांच्या बाजारपेठा वाढल्या. म्हणजे ज्या कुटुंबांच्या पेढ्या या पाण्यावर बहरल्या, त्यांचीच मुले त्याच्या उगमाशी उभी असतात. उगमाशी साबण सोडणे म्हणजे स्वतःच्याच घागरीत हात बुडवणे होय.

साबणाचा दोष केवळ माणसापुरता नाही. साबण पाण्याच्या पृष्ठभागावरील ताण मोडतो. त्यामुळे पाण्यावर चालणारे लहान कीटक बुडतात. बेडूक आणि त्यांची पिल्ले त्वचेवाटे श्वास घेतात, म्हणून पाण्यात मिसळलेले प्रत्येक रसायन त्यांच्या शरीरात शिरते. वेष्टनावर ‘विघटनशील’ असे छापलेला साबणही याला अपवाद नाही. त्याचे विघटन मातीतील सूक्ष्मजीव करतात. नुसत्या गार पाण्यात ते फार संथ होते. म्हणून नियम सोपा आहे : पाणी भांड्यात घेऊन स्रोतापासून निदान साठ-सत्तर मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावले दूर जावे आणि तेथे मातीवर धुवावे. हा सारा परिसर १९८६ पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात आहे, याचीही आठवण ठेवावी.

गाळणे आणि उकळणे

पाणी गाळण्याची परंपरा जैन घरांना नवी नाही. दुहेरी जाड कापड, पाण्याची संथ धार आणि गाळल्यावर कापडात राहिलेले जीव त्याच पाण्यात हळुवार परत सोडणे, हे आजीने नातीला शिकवलेले असते. या शेवटच्या क्रियेलाच ‘जिवाणी’ म्हणतात. गडावर हा संस्कार शब्दशः पाळता येतो. टाक्यातील पाणी गाळले की कापड त्याच टाक्यात गाळलेल्या पाण्याने उलटे धुवावे. एका टाक्यातील जीव दुसऱ्या टाक्यात किंवा खडकावर झटकू नयेत.

या साध्या क्रियेचा आरोग्याशी संबंध विज्ञानानेही तपासला आहे. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांच्या पथकाने बांगलादेशातील मतलब भागातील ६५ गावांत एक प्रयोग केला. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळण्यास तेथील स्त्रियांना सांगण्यात आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतात आणि साडीच्या घड्या ते प्लवक अडवतात, हे त्यामागील कारण होते. जुनी, वारंवार धुतलेली साडी नव्यापेक्षा सरस ठरते, कारण तिचे धागे फुलून छिद्रे बारीक होतात.

तरीही गाळणे पुरेसे नाही. पाण्यात सुटे तरंगणारे जंतू आणि विषाणू कापडातून निघून जातात. म्हणून गाळल्यावर उकळणे हवेच. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की रोगजंतू मरतात. दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर हीच वेळ तीन मिनिटे धरतात, पण आपल्या जिल्ह्यातील एकही शिखर तेवढे उंच नाही. बाजारात मिळणाऱ्या बारीक गाळण्या जंतू अडवतात, परंतु त्यांतील बहुतेकांतून विषाणू निसटतात. क्लोरीनची गोळी टाकल्यावर साधारण अर्धा तास थांबावे लागते आणि पाणी गढूळ असेल तर गोळीचा गुण कमी होतो. येथेही आधी कापडाने गाळणे उपयोगी पडते.

उकळलेल्या पाण्याला परंपरेने काळाची मर्यादाही घातली आहे : पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. त्यामागील दृष्टी जीवदयेची आहे. डॉक्टर हेच वेगळ्या कारणाने सांगतात. उकळलेले पाणी उघडे राहिले, त्यात हात बुडाला, अस्वच्छ बाटलीत भरले, की ते पुन्हा दूषित होते. दोन्ही दृष्टींनी आचरण एकच निघते : लागेल तेवढेच उकळावे, झाकून ठेवावे आणि वेळेत संपवावे.

प्रथम हात, मग अंग

डोंगरावर आजारी पडणाऱ्यांपैकी अनेकांचा दोष पाण्यावर ढकलला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष हातांचा असतो. शौचाहून आलेला हात चिवड्याच्या डब्यात जातो, तोच डबा दहा जणांत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या गटाला जुलाब लागतात. चार तासांच्या उतारावर, दवाखाना दूर असताना, लहान मुलाला किंवा वयस्क माणसाला झालेले जुलाब ही किरकोळ गोष्ट नसते. अंगातील पाणी झपाट्याने कमी होते.

यासाठी स्वच्छतेचा क्रम ठरवावा. दोन दिवस अंघोळ न झाल्याने कोणी आजारी पडत नाही. हात न धुतल्याने पडतो. शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी साबण लावून वीस सेकंद हात चोळणे एवढे पाळले, तरी निम्मी लढाई जिंकली जाते. बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्र पाडले तर वाटीभर पाण्यात दोन हात नीट धुऊन होतात. निर्जंतुक द्रव सोबत असावा, पण त्यावर विसंबू नये. मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर त्याचा परिणाम अपुराच असतो.

व्यापारी घरांत जमाखर्च मांडण्याची सवय असते, ती येथे कामी येते. एका माणसाला चालण्याच्या दिवसात प्यायला तीन ते चार लिटर पाणी लागते आणि स्वयंपाकाला सुमारे एक लिटर. उरलेल्या धुण्यापुसण्याला दोन तांबे पुरतात. एक हातांसाठी आणि एक अंगासाठी.

अंगासाठीचा तांबा असा वापरावा. पाणी कोमट करावे. सुती पंचाचा एक तुकडा भिजवून पिळावा आणि आधी तोंड व मान, मग काखा, मग जांघा आणि शेवटी पाय, या क्रमाने पुसावे. साबणाची गरज नाही. त्वचेवरील घाम सुकला की मागे राहणारे मीठ काढले, की चालताना मांड्या घासून येणारी लाली आणि काच टळतो. त्यानंतर अंग पूर्ण कोरडे करावे, कारण ओलसर राहिलेल्या सांध्यांतच नायटा वाढतो. पायांकडे विशेष लक्ष द्यावे. बोटांच्या बेचक्या पुसून, कोरडे मोजे घालून झोपावे. झोपेचे कपडे वेगळे असावेत आणि ते चालताना वापरू नयेत. ओलसर पंचा दुसऱ्या दिवशी पिशवीवर पसरून वाळवावा. ज्यांना ओले कागदी रुमाल वापरायचे असतील त्यांनी ते परत घरी न्यावेत. त्यांतील बहुतेकांत प्लास्टिकचे तंतू असतात. ते मातीत कुजत नाहीत.

ताट धुऊन पिणे

भांड्यांच्या बाबतीत जैन घरांना कोणाकडून शिकण्याची गरज नाही. जेवण झाल्यावर ताटात थोडे पाणी घालून, बोटाने ताट निपटून ते पाणी पिण्याची रीत अनेक घरांत आजही आहे. उष्ट्यात अल्पकाळात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, ती टाळावी हा त्यामागील विचार. जगभरच्या डोंगरांवर भटकणारे शिस्तशीर गिर्यारोहकही नेमके हेच करतात. अन्नाचा कण मागे राहिला नाही, तर मुंग्या, उंदीर आणि वानरे मुक्कामाजवळ येत नाहीत आणि सांडपाण्याचा प्रश्नच उरत नाही. शहरातील मेजवानीत जी मुले ही रीत पाळायला लाजतात, त्यांना गडावर तिचे मोल आपोआप कळते. धुऊन प्यायलेले ताट सुक्या कापडाने पुसले की पुरे. तूप-तेल चिकटलेल्या पातेल्याला चुलीची चिमूटभर राख लावावी.

चौविहाराचाही असाच लाभ होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि भांडी आटोपली, की अंधारात दिव्याभोवती जमणारे कीटक ताटात पडत नाहीत. काळोखात पाण्यासाठी टाक्याच्या निसरड्या काठावर जावे लागत नाही, हा तर उघड लाभ आहे. काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा परिसरात गेलेल्या कुटुंबांना दिवा मालवून लवकर निवांत होण्याचा आणखी एक आनंद मिळतो.

परिठावणाचा विवेक

ज्या विषयावर सहलीच्या नियोजनात कोणी बोलत नाही, त्यावर जैन आगमांनी सविस्तर विचार केला आहे. पाच समितींपैकी शेवटची समिती मलमूत्रादींच्या विसर्जनाची आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात विसर्जनाची जागा कशी असावी याचे निकष येतात. जेथे कोणी येत नाही व कोणाची दृष्टी पडत नाही, जेथे कोणाला उपद्रव होत नाही, जी सपाट व अचित्त आहे, जेथे बिळे, बी-बियाणे आणि हिंडणारे जीव नाहीत, अशी ती जागा असावी. हे निकष साधूंसाठी असले तरी गडावर जाणाऱ्या गृहस्थाला ते तंतोतंत लागू पडतात.

आजच्या गिर्यारोहणातील नियम यात एका मुद्द्याची भर घालतात. पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून सुमारे ऐंशी पावले दूर, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खळगा करून नंतर तो मातीने बुजवावा. वरच्या थरातील मातीत मल लवकर विघटित होतो. येथे एक अडचण उभी राहते. माती खणणे म्हणजे पृथ्वीकायाची आणि मातीतील कृमींची हिंसा. पण शेकडो माणसे जेथे दर आठवड्याला येतात, तेथे उघड्यावर टाकलेला मल पहिल्या पावसात टाक्यात वाहून जातो आणि त्यातून होणारी हानी कितीतरी मोठी असते. दोन्हींतून कमी हानीचा मार्ग निवडणे हाच गृहस्थाचा विवेक. सर्वांत उत्तम मार्ग अर्थातच पायथ्याच्या गावातील शौचालय वापरून चढाईला लागणे हा होय. कागद मात्र कधीही पुरू नये. तो बंद पिशवीत परत आणावा.

स्त्रियांच्या मासिक पाळीबद्दल गटात मोकळेपणा असावा. संकोचामुळे मुली दिवसभर पाणी कमी पितात, नैसर्गिक विधी रोखून धरतात आणि परतल्यावर मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडतात. वापरलेली पॅड कागदात व मग दुहेरी पिशवीत बांधून घरी न्यावीत. ती पुरू किंवा जाळू नयेत. अशा वेळी त्या मुलीच्या वाट्याला एक तांबा अधिक राखून ठेवणे, आणि तो तिला मागावा न लागणे, एवढे भान गटातील ज्येष्ठांना असावे.

ज्यांनी अंघोळच सोडली

या जिल्ह्याच्या रस्त्यांनी साधू-साध्वींचा विहार पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. आचार्य आनंदऋषीजी महाराज याच जिल्ह्यातील चिचोंडीचे. १९१३ साली दीक्षा घेतल्यावर दीर्घ आयुष्यभर ते पायी चालले आणि १९९२ मध्ये नगर येथेच त्यांनी देह ठेवला. साधू-साध्वी स्नान करत नाहीत. अंगावरचा मळ समभावाने सहन करणे हा त्यांच्या बावीस परीषहांपैकी एक आहे. तरीही त्यांच्या जीवनात अस्वच्छता नसते. वस्त्रांचे व पात्रांचे दररोज प्रतिलेखन, उष्टे न ठेवणे, अचित्त पाण्याचा मोजून वापर आणि विसर्जनातील दक्षता यांतून ती शुचिता उभी राहते.

उत्तराध्ययनातीलच हरिकेशबल मुनींची कथा सर्वश्रुत आहे. मळकट वस्त्रांमुळे आणि जन्मामुळे यज्ञमंडपात हेटाळले गेलेले हे मुनी शेवटी त्याच लोकांना खरे स्नान कोणते ते समजावतात. गृहस्थाने या कथेवरून अंघोळ सोडावी असे कोणी म्हणत नाही. पण दोन दिवस शॉवर नाही म्हणून अस्वस्थ होणाऱ्या मनाला तिच्यातून धीर मिळतो. बाह्य टापटीप आणि शुद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे गडावर चटकन उमगते.

कधी जावे, कोणाकडे राहावे?

साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण पावसाळ्यात पाऊलवाटा जीवांनी भरलेल्या असतात. गृहस्थांची झुंबड मात्र नेमकी याच काळात गडांवर उडते. पाऊलवाटा रुंदावतात, गवत तुडवले जाते, टाक्यांभोवती चिखल होतो आणि घाण थेट पाण्यात वाहते. दिवाळीनंतर, नव्या वह्यांचे पूजन आणि ज्ञानपंचमी आटोपल्यावर निघणे अधिक श्रेयस्कर. कार्तिक ते पौष या काळात टाक्यांत पाणी भरपूर असते, माती कोरडी असते, कपडे वाळतात आणि पायाखाली जीव कमी येतात.

शेवटचा मुद्दा पायथ्याच्या गावांचा. पाचनई, बारी, रतनवाडी, साम्रद येथील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे आज पाहुण्यांना घरी जेवू-राहू घालतात. अनेक घरे सांगितल्यास कांदा-लसणाविना स्वयंपाक करतात आणि सूर्यास्तापूर्वी वाढतातही. या डोंगरांत पाऊस अफाट पडतो, पण तो उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात याच वाड्यांतील बायकांना हंडे घेऊन लांब चालावे लागते. तेथे सहज मागितलेली गरम पाण्याची बादली कोणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते आणि तिच्याखाली जळालेले सरपण कोणीतरी वेचलेले असते. पैसे मोजले तरी त्या श्रमांची पूर्ण किंमत त्यात येत नाही. अशा घरी तांब्याभर पाण्यात अंग पुसून बादली नाकारणारा पाहुणा यजमानीणबाईंच्या कायम लक्षात राहतो.

सोबत न्यावयाच्या वस्तू फार नाहीत : पाणी गाळण्याचे दुहेरी कापड, झाकणाचा तांब्या, साबणाचा छोटा तुकडा, दोन सुती पंचे, दोन जोड कोरडे मोजे, लहान खुरपे, कचऱ्यासाठी बंद पिशव्या आणि जलसंजीवनीची पाकिटे. यांतील बहुतेक गोष्टी प्रत्येक घरात असतात. मुलांच्या पिशवीत त्या भरताना प्रत्येकीमागील कारण सांगावे. गाळण्याचे कापड पिशवीत घालताना आजीलाच जवळ बोलवावे, म्हणजे जिवाणी कशी सोडतात हे मुले तिच्याकडूनच शिकतील आणि गडावरच्या टाक्याकाठी त्यांना ते आठवेल.